किल्लीवाल्याच्या आईचं कुलूप

किल्लीवाल्याने सख्ख्या आईला घराबाहेर काढलं आणि म्हातारी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत दाराचं कुलूप बदललं, अशी त्या गल्लीत कुजबुज होती. मोठ्याने कुणी बोलत नसे. असल्या गोष्टी हळू बोलल्या तरच गोड लागतात. पुरावाही भक्कम होता. भर दुपारी पुढे पिशवी घेतलेली आजी, मागे तिची ट्रंक खांद्यावर घेतलेला मुलगा आणि त्याच्या काखेत नव्या कुलपाचं खोकं. समोरच्या काकूंनी खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. जे दिसलं नाही ते त्यांनी मनानेच भरून काढलं, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं.

किल्लीवाला कोपऱ्यावरच्या टपरीत दिवसभर चाव्या घासायचा. येणारं गिऱ्हाईक चावी हातात देताना म्हणायचं, "नीट लागेल ना रे? नाहीतर मीही तुझ्या आईसारखा बाहेर!" सुरुवातीला तो कसनुसं हसायचा. पुढे पुढे हसायचाही कंटाळा यायला लागला. घरी बायको तोंड पाडून बसलेली, कारण भाजीवालीसुद्धा तिला टोमणा मारल्याशिवाय पिशवी भरत नव्हती. मी काढलं नाही, असं त्याने सांगून कोण मानणार? आईने चार लोकांत एकदा, फक्त एकदा, खरं काय ते बोलावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

ती वेळ एका रविवारी संध्याकाळी आली. इमारतीच्या पायऱ्यांवर नेहमीची मंडळी बसली होती. काकू, वरच्या मजल्यावरची नर्सबाई आणि तळमजल्यावरचा टेलर. तिघं तीन मुलुखांची, पण दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते हुंगायचं नाक तिघांचं एकच. किल्लीवाला वर निघाला होता, काकूंनी त्याला हाताला धरून बसवला.

"आमच्यात," काकू ऐसपैस होत म्हणाल्या, "आईला मुलानेच सांभाळायचं. जन्मभर. मग सुनेला रुचो न रुचो." शेवटच्या वाक्याबरोबर एक तिरकी नजर किल्लीवाल्याकडे.

"आमच्याकडे धाकट्या मुलीने," नर्सबाई म्हणाली. ड्यूटी करून आलेली, चपला काढून तळपाय चोळत होती. "मी शेंडेफळ. थोरल्या सगळ्या लग्न करून पांगल्या. मला बघायला कुणी आलं की आई माझ्या शिक्षणाच्या आधी स्वतःचं बीपी सांगायची."

"अगं बाई! म्हणजे जन्माला यायला उशीर केला म्हणून शिक्षा?"

"हो ना. उठतच नाहीत हो पाय कधीकधी घरी जायला."

टेलर खो खो हसला. "आमच्यात मिसरूड फुटलं की बापच सांगतो, आता आपली खोली बघ. आज मला बापाला भेटायचं तर आधी फोन करून विचारावं लागतं."

"बाप आहे की दातांचा डॉक्टर?"

"डॉक्टर बरा, काकू. तो वेळ तरी देतो," टेलर म्हणाला आणि मग हसायचं विसरून बटणाशी चाळा करत बसला.

"मग ह्याला तुमच्यात पाठवू या," काकूंनी किल्लीवाल्याच्या पाठीत धपाटा घातला. "तिकडे खपून जाईल!"

तेवढ्यात आजीच आली. म्हणाली, "माझी आरामखुर्ची न्यायला आले."

ती खुर्ची नावालाच तिची. घरात असताना तिच्यावर कायम धुतलेल्या कपड्यांचा ढीग असायचा आणि आजी शेजारी उभी राहून घड्या घालायची. किल्लीवाल्याने वर जाऊन ढीग पलंगावर लोटला आणि खुर्ची डोक्यावर घेऊन खाली आला. काकू वाटच बघत होत्या.

"आजी, आता तोंडावरच विचारते. याने काढलं ना तुम्हाला?"

नर्सबाईचा पाय चोळणारा हात थांबला. डोक्यावर खुर्ची असल्यामुळे किल्लीवाल्याला मान वळवता येईना, पण त्याचा सगळा जीव कानात आला होता.

आजीने मुलाकडे पाहिलं. मग हळूच डोळे पुसले. "जाऊ दे गं. झालं ते झालं. लेकरू आहे माझं, त्याला काय बोलायचं?"

"बघा! याला म्हणतात आईचं काळीज!" काकूंनी डोळ्यांना पदर लावला. इतकं समाधान त्यांना कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

गल्लीच्या वळणापर्यंत किल्लीवाला डोक्यावरची खुर्ची सावरत आईच्या मागे चालला. मग म्हणाला, "आई, एक शब्द बोलली असतीस."

"काय बोलू? आपल्या पायांनी निघाले म्हणू? भरलं घर टाकून गेली, म्हातारीला चळ लागला, म्हणतील. मुलाने काढलं म्हटल्यावर बघ, सगळ्या डबे भरभरून पाठवतात."

"आणि मला शिव्या घालतात."

"पुरुषाला बोलतात आणि विसरतात रे. मला आता ऐकून घ्यायची ताकद नाही."

ताकद आपल्यातही नाही, हे सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

आजी आता एकटी राहायची ती खोली सायकलच्या दुकानावर होती. आजीने स्वतः कुलूप उघडलं. त्याने खुर्ची खिडकीपाशी ठेवली आणि ती लगेच तिच्यात बसली, पाय लांब केले. चहा टाकू का, असं तिने विचारलं नाही. दिवसाउजेडी आई नुसती बसलेली त्याने आजवर पाहिली नव्हती.

"एक चावी मला देऊन ठेव," तो म्हणाला. "रात्रीबेरात्री काही झालं तर?"

"नको. तुझ्या हातात चावी आली की आधी तू येशील, मग पोरं येतील, मग आजी जरा एवढं बघ म्हणत कपड्यांचं गाठोडं येईल."

"मी असा आहे का?"

"तू चांगला आहेस रे. म्हणूनच नको." तिने डोळे मिटले. "जाताना दार ओढून घे."

त्याने दार ओढलं. ओढलं की आपोआप लागणारं कुलूप, त्यानेच निवडलेलं. ते लागलं.

त्या दुपारी कुलूप त्याने खरंच बदललं होतं, पण आपल्या घराचं नाही. ते आईच्या या खोलीचं होतं. तिनेच त्याच्याकडून बसवून घेतलं आणि दोन्ही चाव्या स्वतःजवळ ठेवल्या.