बारा शब्दांचा धवला

पनवेलच्या जुन्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानावर माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना चिकटवलेला स्पंज, आणि खाली कुणी पातेलं आपटलं की थांबणारं रेकॉर्डिंग. लग्नाहळदीची गाणी करून माझं पोट चालतं. गव्हाणच्या दोघी धवलारणी पहिल्यांदा आल्या तेव्हा माईकची उंची बघूनच थोरली वैतागली. "बाला, आमी बसून गातो. उभ्यानं कधी धवला होतो काय?"

धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नगीतं, गाऊन विधी पार पाडणारी बाई. या दोघी जावा. थोरली ओळ टाकायची, धाकटी उचलायची. थोरलीला अख्ख्या लग्नाचे धवले पाठ होते आणि कागदावर एकही नव्हता. लग्न उरकलं की मिळालेले तांदूळ, नारळ, पैसे ती चटईवर ओतायची, हाताच्या कडेनं दोन वाटे करायची आणि एक धाकटीच्या पदरात सारायची. मोजत कधीच नसत.

त्यांच्या धवल्याला मी बाकीचं संगीत जोडलं. वाटणीची युक्ती माझ्या एका मित्रानं आणली. तो कोन गावातल्या टॉवरमध्ये राहतो, आयटीत आहे आणि समोरच्याचा चहा गार होईपर्यंत समजावत बसतो. गाण्याचे टोकन, म्हणजे शेअरसारखे डिजिटल तुकडे, करायचे, ज्याचा जेवढा हिस्सा तेवढे टोकन त्याचे. गाणं वाजलं की वाटा आपोआप ज्याच्या त्याच्या मोबाईलमधल्या पाकिटात. सगळी नोंद ब्लॉकचेनवर. "मध्ये कुणीही हात घालू शकत नाही," हे तो पुनःपुन्हा म्हणाला. माझ्या पैशात आजवर सगळ्यांनीच हात घातलेला, त्यामुळे मला ते वाक्य फार गोड लागलं.

दोघींची दोन पाकिटं करू म्हटलं तर धाकटी हसायला लागली. "दोन कशाला? तिच्यातच टाक. ती करील वाटे."

पाकीट तयार झालं तसे पडद्यावर बारा इंग्रजी शब्द आले. मोबाईल हरवला, बिघडला तर या बारा शब्दांनीच पाकीट पुन्हा उघडणार होतं. कुणाला सांगायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, कागदावर लिहून जपून ठेवायचे. थोरलीला कागद पटेना. "कागदाला पावसात बुरशी धरते. तू वाच, मी धरते." मी टायगर, लॅडर, बटर असं वाचत गेलो आणि तिनं डोळे मिटून ते चालीत बसवले. दोनदा गाऊन दाखवलं, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मी दिवसभर लोकांचे आवाज साठवणारा माणूस, पण नियम म्हणून तेव्हा माईक बंद ठेवला होता. धाकटीला तर तिनं खोलीबाहेरच काढलं. पुढे कधी लहर आली की ती चाल नुसती गुणगुणायची, शब्द मात्र ओठांवर येऊ द्यायची नाही. मित्राला मी कौतुकानं सांगितलं, तर तो म्हणाला, याहून सुरक्षित जागा नाही.

गाणं चाललं. पैसे काढायचं नाव काढलं की थोरली म्हणायची, "जमू दे."

मग एका सकाळी ती मोरीत पडली. अर्धांगवायू. कमरेला खोचलेला मोबाईल पाण्याच्या बादलीत गेला. ती वाचली, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलण्याचे आणि हाताचे उपचार आत्ताच सुरू करा, उशीर झाला तर उपयोग नाही. त्या उपचारांना पुरतील एवढे पैसे तिच्याच पाकिटात होते. मोबाईल दुरुस्तीवाल्यानं बोर्ड उघडला आणि नकारार्थी मान हलवली.

मित्राला फोन केला. नेहमी तासभर बोलणारा तो एवढंच म्हणाला, "अरे, त्यात कुणीच हात घालू शकत नाही." तेच वाक्य. मला त्याचा असा राग आला की फोन भिंतीवर फेकावा. पण चिडून करणार काय? चिडायला समोर ना कचेरी, ना साहेब. आणि कहर म्हणजे पाकिटातली रक्कम बाहेरून कुणालाही दिसते. लग्नाचा हंगाम होता. रोज कुठल्यातरी मांडवात आमचं गाणं वाजत होतं आणि मी स्टुडिओत बसून तो आकडा वाढताना बघत होतो. मला आठवत होते ते सुरुवातीचे तीन शब्द. बाकीचे नऊ तिच्या गळ्यात.

एके दिवशी धाकटीचा फोन आला. "बाला, ती गाते हाय. बोलत नाय, पन गाते. लवकर ये."

असं होतं म्हणे कधी कधी. मी नवा मोबाईल घेऊन गव्हाण गाठलं. थोरली खाटेवर उशीला टेकून बसली होती. मी मोबाईल दाखवला आणि ती चाल गुणगुणलो. तिचा चेहरा उजळला. तिनं डोळे मिटले आणि गायला लागली. चाल तीच, ठेका तोच. टायगर आला, लॅडर आला. मी एकेक शब्द मोबाईलवर टाइप करत गेलो. आणि मग तिच्या तोंडून हळद आली, मांडव आला, नवरीची आई आली. जन्मभर गायलेलं सगळं त्या चालीत येऊन बसलं आणि माझे नऊ शब्द कुठेच नव्हते. आम्ही पुन्हा गाऊन घेतलं, पुन्हा, पुन्हा. दरवेळी वेगळा धवला. दरवेळी तितकाच सुरेल.

शेवटी ती दमून थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. झालं ना, असं विचारत होती. मी म्हणालो, "झालं, मावशी."

ती हसली, अर्ध्या तोंडानं. मग डावा हात उचलून तिनं रिकाम्या गोधडीवर हाताच्या कडेनं दोन वाटे केले आणि एक वाटा धाकटीकडे सारला. धाकटीनं माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. मग तिनं पदर पसरला आणि तो वाटा घेतला.