अष्टमीला आलेली सासू

एका जागी बूड टेकणं इसक्कीअक्काला ठाऊकच नव्हतं. आमच्या तंबू टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर तिकिटं फाडायचं तिचं काम. मालकाने त्यासाठी स्टूल दिलं होतं, पण त्यावर माझी उकडलेल्या चण्यांची पाटीच असायची. अक्का आपली दारापासून कुंपणापर्यंत आणि कुंपणापासून दारापर्यंत. पडद्याकडे कायम पाठ. इतक्या वर्षांत तिने सिनेमे पाहिले कमी, ऐकले जास्त. ऐकूनही रडायची, आणि सुनेला छळणाऱ्या पडद्यावरच्या सासूला शेलक्या शिव्या हासडायची. घरी गेली की स्वतःच्या सुनेला फैलावर घ्यायची, "सिनेमाची वाळू लुगड्यातून आणतेस, ती काय मी झाडू?"

सून पोन्नुत्ताय बुटकी. टॉकीजच्या वाळूत बसली की समोरच्या बाईचा अंबाडा आणि त्यातली फुलं, एवढाच तिचा सिनेमा. मग हीच कजाग अक्का आत शिरायची, दोन्ही हातांनी वाळू ओढून तिच्यासाठी उंच ढीग करायची आणि वर डाफरायची, "बस. खाली घसरलीस तर याद राख."

लग्नानंतरचा पहिला आडी महिना आला आणि रीतीप्रमाणे पोन्नुत्ताय माहेरी गेली, करुवेलम्पट्टीला. त्या महिन्यात नव्या जोडप्याने एका घरात राहायचं नसतं. महिना संपला की सासरच्या मोठ्या बाईने साडी, फुलं, हळद घेऊन जायचं आणि मुलीला मानाने आणायचं. आडी सरला न सरला तोच अक्का ताट घेऊन निघाली. आणि संध्याकाळी ते भरलेलं ताट तसंच घेऊन परत आली.

त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमी-नवमीला आमच्याकडे कुणी नवा झाडूसुद्धा घरात आणत नाही, आणि ही बया सून आणायला गेलेली! पोन्नुत्तायच्या आईने दारातच सुनावलं, "मुलगी नको असेल तर तोंडाने सांगा ना. असला दिवस साधून कशाला आलात?"

चुकलं, पंचांग बघायचं राहिलं, असं म्हणून मोकळं व्हावं की नाही? छे! अक्का म्हणाली, "तुमची मुलगी काय सोन्याची आहे, तिच्यासाठी तिथी बघून निघायला?"

झालं. दार लागलं. पोन्नुत्ताय आतच होती, सगळं ऐकत.

"तुमच्या जिभेला काही हाड?" मी अक्काला म्हटलं. मला खरंच राग आला होता. "आणि एवढी घाई कसली झाली होती?" ती भरलेलं ताट कोनाड्यात सरकवून चुलीकडे वळली. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चूल पेटवून पाणी ठेवायची आणि ते कशाला ठेवलं हेच विसरायची. जेवणं वाढताना एक ताट जास्त मांडायची, मग आदळून उचलायची. मुलगा शिवनू बिचारा मुखदुर्बळ, आई आणि सासूच्या मध्ये पडायची त्याची छाती नव्हती. इकडे गावाने ठरवून टाकलं, की अक्काने मुद्दामच अष्टमी गाठली. सून आता कसली येतेय!

पंधरवड्याने टॉकीजला नवा सिनेमा लागला. एका घरातल्या तीन सुना आणि ताकाच्या कपाटाला कुलूप घालणारी सासू. खेड्याखेड्यातून बायकांच्या बैलगाड्या यायला लागल्या. करुवेलम्पट्टीची गाडीही आली. सगळ्यात शेवटी उतरली पोन्नुत्ताय.

आत जायचं तर तिकीट अक्काच्याच हातात द्यायला हवं. तिने दिलं, अक्काने फाडलं, तेही वेडंवाकडं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

पडद्यावरच्या सासूची किल्ली हरवली आणि तिच्यावरच ताकाविना भात गिळायची पाळी आली, तशा बायका हसून लोळायला लागल्या. माना दाराकडे वळल्या. "अक्का, तुमची किल्ली सांभाळा हो!" कुणीतरी ओरडलं. एरवी अक्काने तिच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. आज नुसती दाराची कडी काढत होती, घालत होती.

"वडिवू," ती मला म्हणाली, "तिला दिसतंय का गं?"

"कुणाला?"

"वेड घेऊ नकोस. बघ ना."

मी पाहिलं. शिंप्याच्या लठ्ठ बायकोमागे पोन्नुत्ताय मान उंचावून बसली होती. खाली वाळू सपाट. "काही दिसत नसणार," मी म्हटलं.

आमच्याकडे मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना दिवे लागायचे. तसे ते लागले, आणि अक्का दार उघडं टाकून आत घुसली. बायकांच्या मांड्या तुडवत गेली, सुनेसमोर गुडघे टेकले आणि वाळू ओढायला लागली.

"अत्तै, राहू द्या. लोक बघतायत," सून पुटपुटली.

"बघू देत. ऊठ."

पोन्नुत्ताय उठली नाही. "अष्टमीलाच का आलात?"

अक्काचे हात थांबले. सगळ्या बायकांनी कान टवकारले होते.

"घर खायला उठलं होतं गं. आडी संपला, एवढंच डोक्यात. तिथी कुठली बघतेय मी! आणि तुझ्या आईपुढे काय सांगू, तुझ्यावाचून करमत नाही म्हणून?"

पोन्नुत्तायने पदराने नाक पुसलं.

"आणि आज कुठली तिथी आहे?"

"देवाला माहीत. जाऊन विचारून येऊ का कुणाला?"

"कुठेही जाऊ नका आता," पोन्नुत्ताय उठत म्हणाली. "आमच्या गाडीत कडब्याखाली माझं गाठोडं आहे, तेवढं काढून घ्या. बैल कडबा खाताना ओढतील ते. आणि हा ढीग नीट करा, एका बाजूने खचतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडलं. नवमी होती. मी कुणाला दाखवलं नाही, त्याच पानाने चूल पेटवली. तेवढ्यात शेजारून अक्काचा आवाज आला, "वाळू! पोरी, घरभर वाळू करून ठेवलीस!"