लिफ्टच्या बुडाशी ताई

आमच्या ताईला लोक हट्टी म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. हट्ट लहान मुलं करतात हो! ताईने जे केलं त्याला दुसरा शब्द शोधा, आणि सापडला की मलाही सांगा.

मी वेल्डर. बावीस वर्षं शेड उभारायच्या कामावर घालवली. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आणि माझे केस पांढरे झाले तरी मला चारचौघांत ‘बाळ्या’ म्हणणारी. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, त्याच कामावर इलेक्ट्रिशियन होते. भलतेच मिश्कील. वरून ओरडायचे, “बाळ्या, इथून तुझं टक्कल काय चमकतंय रे!” सगळी शेड हसायची.

भावोजींचं काम बूम लिफ्टवर. चाकांची गाडी, तिला लोखंडाचा लांब हात आणि हाताच्या टोकाला कठड्याची बास्केट. माणूस बास्केटमध्ये उभा राहतो, पाय पेडलवर ठेवतो आणि समोरच्या दांडीने स्वतःला हवं तिकडे नेतो. त्या दिवशी एका गोदामात छताखाली दिवे लावायचे होते. भावोजी समोरच्या दिव्याकडे बघत वर सरकत होते, आणि पाठीमागे तुळई आहे हे त्यांना दिसलंच नाही. तुळईने पाठीला रेटलं, ते पुढे वाकले आणि दांडी छातीखाली सापडली. पाय पेडलवरच. आता लिफ्ट थांबणार कशी? ती वर जातच राहिली.

खाली आम्ही सात जण होतो. लिफ्टच्या बुडाशी कमरेच्या उंचीवर एक पेटी असते. तिथून कुणालाही बास्केट खाली आणता येते, फक्त पेटीला चावी हवी. आणि चावी भावोजींच्या खिशात. आमच्याकडे पद्धतच होती तशी. वर जाताना चावी काढून खिशात टाकायची, म्हणजे खालच्या कुणी चेष्टा करायला नको. आम्ही ओरडलो, धावलो, मी त्या पेटीवर नुसते हात आपटत राहिलो. डॉक्टर नंतर म्हणाले, चार मिनिटं श्वास कोंडला होता. माझ्या देखत माणूस गेला.

पंधरा दिवसांनी ताई माझ्याकडे आली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

“मला एवढंच सांग, त्यांना खाली आणायला काय करावं लागलं असतं?”

मला सांगता येईना. चावी हवी, एवढंच ठाऊक. चावी फिरवल्यावर पुढे काय, याचा पत्ताच नाही. लाज वाटली, म्हणून मी तिच्यावरच खेकसलो, “आता ते उगाळून काय मिळणार आहे?”

“सात जण होतात तुम्ही,” ती म्हणाली. “एकालाही येत नव्हतं. म्हणून उगाळतेय.”

मग ती लिफ्ट भाड्याने देणाऱ्यांच्या आवारात जाऊन बसू लागली. आधी त्यांनी तिला वाटेला लावलं, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी तिथल्या मेकॅनिकने हात टेकले आणि तिला सगळं शिकवलं, वरचंही आणि खालचंही. तिथून ती थेट आमच्या साहेबांसमोर उभी राहिली. “मला दुसरं काही नको. लिफ्ट वर असेल तोवर बुडाशी मी उभी राहणार.” साहेबांची मान वर होईना. त्यांनी तिला ठेवून घेतलं.

झालं, आमची शाळा सुरू! चावी पेटीतच राहणार. रिकामी बास्केट ती आधी खालून वर-खाली करून बघणार. मग वर जाणाऱ्याने तिच्यासोबत अख्खी वाट चालायची, मान वर करून. “डोक्यावर काय आहे? पाठीमागे काय आहे? बोल.” उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आमचा फिटर म्हणायचा, “घरी बायको विचारते कुठे चाललात, इथे ताई विचारते. मेलो बुवा मी!” पण चालायचा, गुमान चालायचा.

आठ महिन्यांनी साहेब बदलले. नव्या साहेबांनी दोन दिवस नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, “बाई, नुसतं उभं राहायला वेगळं माणूस कशाला? तुम्ही स्टोअर सांभाळा. खाली सगळे जाणते आहेत.”

“जाणते आहेत ना?” ताई म्हणाली. “मग मला खाली आणून दाखवा.”

लिफ्ट मोकळ्या पटांगणात आणली, वर नुसतं आभाळ. ताईने बास्केटमध्ये चढून सुरक्षेचा पट्टा कठड्याला अडकवला, फिटरने मशीन चालू करून दिली आणि ती भावोजी होते तेवढ्याच उंचीवर गेली. पेडलवरून पाय काढला, हात पाठीमागे बांधले आणि ओरडली, “मी अडकले! आणा खाली!”

साहेब हसत घड्याळ बघत होते. आम्ही पेटीशी गेलो, तर चावी नाही! फिटरने जुन्या सवयीने काढून कुठेतरी ठेवली होती. हा खिसा बघ, तो खिसा बघ, शेवटी हत्यारांच्या पिशवीत सापडली.

“दोन मिनिटं झाली!” वरून आवाज आला.

चावी फिरवली, पेटीवरची दांडी ओढली, लिफ्ट ढिम्म. “लाल दाब.” “अरे गाढवा, लालने बंद पडेल!” पाच जणांची सात मतं.

“चार मिनिटं,” ताई म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, तरी ऐकू आलं. “त्यांचा श्वास इथवरच होता.”

साहेबांनी घड्याळावरून नजर काढली.

“चूक माझीही आहे,” ती वरून म्हणाली. “आठ महिने मीच उभी राहिले, तुम्हाला पेटीला हात लावू दिला नाही. बाळ्या, पुढे हो. डाव्या हाताने हिरवं बटण दाबून धर. सोडायचं नाही. आता उजव्या हाताने दांडी खाली.”

मी बटण धरलं, दांडी खाली केली. बास्केट हलली आणि सरळ खाली आली. मी मनात मोजत होतो. अकरा सेकंद. फक्त अकरा सेकंद लागले हो! तेवढ्या वेळात भावोजी माझ्यासमोर उभे राहिले असते, माझ्या टकलाची चेष्टा करत.

मी पेटीवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडलो. ताईने पट्टा सोडला, खाली उतरली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

“रड,” ती म्हणाली. “पण बाजूला होऊन रड. आता फिटरची पाळी, मग साहेबांची.”