उपाशी एंजल आणि एकशे बारा बटणं

कोथरूडला आमच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. येणारा प्रत्येक जण तिच्यासमोर उभा राहून ठरलेले प्रश्न विचारतो. हे खरे आहेत का? पाणी रोज बदलता का? यातला खायचा कुठला? पहिल्या दोन प्रश्नांना मी उत्तर देते. तिसऱ्याला चहासुद्धा देत नाही.

टाकीत मी मऊ प्रवाळ ठेवते. कठीण प्रवाळ आपल्याकडे कायद्याने ठेवता येत नाही आणि मी कायदे पाळते. तीन वर्षांपूर्वी अंगठ्याएवढ्या दगडावर सात प्रवाळ आणले होते. प्रत्येक शर्टाच्या बटणाएवढा, हिरवा, कडेला केशरी झालर. आम्ही त्यांना बटणंच म्हणतो. प्रवाळ हा प्राणी आहे, शोभेचा दगड नव्हे, हे आमच्या घराण्यात मला एकटीलाच माहीत आहे. सातांची एकशे बारा झाली. दर महिन्याला मोजून वहीत लिहीत होते, म्हणून हा आकडा सांगते. पाण्याचा खारटपणा, तापमान, दिवे किती तास, सगळं त्या वहीत आहे. यजमान तिला ‘जमाखर्च’ म्हणतात. उघडून कधी पाहिली नाही.

धाकटे दीर शनिवार पेठेत राहतात. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून ते सर्व विषयांचे तज्ज्ञ झाले आहेत. आधी मधमाश्या झाल्या, मग सोलर, मग त्यांना माझी टाकी सापडली. एका रविवारी ते स्कूटरच्या हुकला पाण्याची पिशवी लटकवून आले. पिशवीत समुद्री एंजल मासा होता. जांभळं अंग, केशरी पोट, तळहाताहून लहान.

“वहिनी, तुमच्या टाकीत रंग कमी आहे.”

“भावोजी, एंजल प्रवाळ कुरतडतो.”

“पोट भरलेलं असलं की नाही कुरतडत. आमच्या ग्रुपवर एक जण पाच वर्षं एकत्र ठेवतोय.”

“त्या एकाचे प्रवाळ पाहिलेत तुम्ही?”

“फोटो आहे ना!”

त्यांनी फोटो दाखवला. त्यात मासा होता. प्रवाळ नव्हते.

मासा परत पाठवायला हवा होता. पण तो पिशवीत कुशीवर पडायला लागला होता आणि दिरांवरचा राग माशावर काढणं मला जमत नाही. तीन आठवडे त्याला वेगळ्या टाकीत ठेवून रोगराई नाही ना ते पाहिलं, मग मोठ्या टाकीत सोडलं. दिवसातून तीनदा खाणं. सकाळी वाळलेल्या समुद्री शेवाळाचं पान चिमट्याने काचेला लावायचं, ते त्याने दिवसभर खुडायचं. पाच महिने त्याने बटणांकडे पाहिलंही नाही. दीर दर भेटीत टाकीसमोर हात मागे बांधून उभे राहत. “काय म्हटलं होतं मी?” त्यांनी कधीच फारसं काही म्हटलेलं नसतं, पण हे वाक्य मात्र त्यांच्याकडे तयार असतं.

मग मला आठवडाभर लेकीकडे बंगळूरला जावं लागलं. रविवारी संध्याकाळी निघणार, पुढच्या रविवारी सकाळी परत. टाकीखालच्या कपाटाच्या दारावर एकोणीस कलमांची यादी चिकटवली. फ्रीजरमध्ये माशांच्या खाण्याचे सहा छोटे डबे ठेवले, प्रत्येकावर वार लिहून. यजमानांना वाचून दाखवलं. “अगं, मासे आहेत, नातवंडं नाहीत,” ते म्हणाले. दिरांनी फोनवर सांगितलं, “वहिनी, निश्चिंत जा. मी रोज चक्कर मारीन.” माझी निश्चिंती तिथेच संपली.

रविवारी परत आले. बॅग दारात ठेवली आणि टाकीपाशी गेले. हिरव्या गालिचाच्या जागी करडा दगड दिसत होता. वाचलेली बटणं मुठीसारखी मिटलेली. एंजल त्यांच्यावर डोकं खाली करून उभा होता आणि मी बघत असताना त्याने एक टोचलं. फ्रीजर उघडला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन डबे भरलेले.

दोघे भाऊ सोफ्यावर बसून पोहे खात होते.

“हे तीन डबे?”

“गुरुवारी एकादशी होती,” यजमान म्हणाले.

“बरं?”

“आम्ही दोघांनीही केली. हा म्हणाला, माशांनाही आठवड्यातून एक लंघन चांगलं असतं.”

“ग्रुपवर आलं होतं,” दीर म्हणाले. “पचनसंस्थेला विश्रांती.”

“आणि शुक्रवारी?”

“उपासावर एकदम खायला घातलं की बाधतं हो वहिनी. म्हणून जरा बेतानं, म्हणजे... नाहीच घातलं.”

“शनिवारी तर माझाच उपास असतो,” यजमान म्हणाले, जणू मासा आमच्या गोत्रातला.

ओट्यापाशी पुरावा होता. साबुदाण्याचं पातेलं, भगरीचा कुकर, दाण्याच्या आमटीचं भांडं, रताळ्याच्या किसाची कढई, खजुराचं रिकामं खोकं. दोघांनी पचनसंस्थेला ही एवढी विश्रांती दिली होती. मी काढून ठेवलेलं शेवाळाचं नवं पाकीटही उघडलेलं नव्हतं.

“एकादशी अन् दुप्पट खाशी,” मी म्हणाले. “माशानंही तेच केलं. तुम्हीच शिकवलंत.”

यजमानांनी बशी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या यादीपाशी गेले, चष्मा लावला आणि एकोणीसही कलमं वाचली. मग वळून म्हणाले, “पण यात ‘उपास घालू नये’ असं कुठे लिहिलंय?”

लिहिलेलं नव्हतं. ते मला आजही बोचतं. एवढी वर्षं या घरात राहून मी ते गृहीत धरायला नको होतं.

बटणं मोजली. एक्केचाळीस. एकदा चव कळलेला एंजल पुन्हा सुधारत नाही, त्यामुळे एक तर तो राहणार होता किंवा ही एक्केचाळीस. दगडांनी भरलेल्या टाकीत मासा जाळीने धरता येत नाही. मंडईतून आणलेली भाजीची प्लॅस्टिकची टोपली धुतली आणि बटणांच्या दगडावर पालथी घातली. वर वजनाला एक दगड ठेवला. मग मोठ्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत शेवाळ ठेवून तो सापळा टाकीत सोडला. मासा आत जायला भुकेला हवा. म्हणजे त्याचा चौथा उपास मला स्वतःला घालावा लागला. दीर हे ऐकून खूश झाले. “बघा, उपास लागतोच!” मी त्यांना टाकीपासून लांब बसायला सांगितलं.

सोमवारी सकाळी एंजल बाटलीत होता. ज्या दुकानातून दिरांनी तो आणला होता, तिथे प्रवाळ नसलेली समुद्री टाकी आहे. तिथे नेऊन दिला. दुकानदाराला खाण्याच्या वेळा लिहून दिल्या. शेवटचं कलम होतं: उपास नाही.

“माझी भेट परत केलीत?” दिरांनी विचारलं.

“भेट तुम्ही तीन दिवसांतच वसूल केलीत, भावोजी. आता किल्ली द्या.”

त्यांनी आमच्या घराची किल्ली जुडग्यातून काढून दिली. काढायला बराच वेळ लागला, आणि मी मदत केली नाही.

टोपली काढल्यावर बटणं नऊ दिवस मिटलेलीच होती. रोज सकाळी दिवा लागला की मी काचेशी जाऊन बसत होते आणि वहीत तारखेपुढे शून्य लिहीत होते. दहाव्या दिवशी कडेचं एक उघडलं, झालर जरा फिकी. यजमान मागे येऊन उभे राहिले.

“उघडलं का?” त्यांनी हळूच विचारलं.

“एक.”

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, त्या दिवसाच्या तारखेपुढे स्वतः ‘एक’ लिहिलं आणि चहा टाकायला गेले. अक्षर नेहमीसारखंच वाईट आहे. खोडलेलं नाही.