अहमदभाईंचा उजवा खांदा

खोटं पचवायला अंगात थोडा बेरकेपणा लागतो. अहमदभाईंकडे अक्कल भरपूर होती, पण बेरकेपणा नावालाही नव्हता, आणि त्यापायी एकदा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

२००९ सालची गोष्ट. मी नोकरी करत होते ती बांधकाम कंपनी मंदीत बुडाली, म्हणून मी शारजाबाहेरच्या एका रायफल क्लबात कारकुनी धरली. रोज दुबईतल्या अल कुसैसहून वाळवंटात जायचं आणि फॉर्म टाइप करायचे. अहमदभाई तिथले आर्मरर. सभासदांच्या रायफली साफ करायच्या, झिजलेली नळी काढून नवी बसवायची, हे त्यांचं काम. मूळचे श्रीवर्धनचे, पण बावीस वर्षं त्या क्लबात. पूर्वी तिघे आर्मरर होते. मंदीने दोघांना घरी पाठवलं, उरले भाई एकटे. त्यांची मुलगी अरफा मुंबईत फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होती. नोकरी गेली की व्हिसाही जातो, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

नेमका त्याच उन्हाळ्यात पेटी उचलताना त्यांचा उजवा खांदा गेला. डॉक्टरने बंदुकीचा खांद्याला बसणारा दणका घेऊ नका म्हणून बजावलं. पण नवी नळी बसवली की चाचणीच्या पहिल्या वीस गोळ्या आर्मररने झाडायच्या, असा क्लबचा नियम. भाई दात चावून झाडत आणि नंतर चहाचा कप डाव्या हाताने धरत. हे फक्त मला ठाऊक होतं.

अशात खल्फानसाहेबांच्या रायफलीची नळी झिजली. साठी उलटलेले अमिराती गृहस्थ, क्लबच्या कमिटीतले. मंदीत धंदा बसला होता, दर गुरुवारची नेमबाजी तेवढी उरली होती. वर्षभर गोळ्या नेमाच्या खाली लागत होत्या आणि ते नळीला दोष देत होते. नवी नळी परदेशाहून मागवायची, तिला सरकारी परवानगी काढायची, म्हणजे एकदा ठरलं की दोन हंगाम बदल नाही. आता प्रश्न असा की नळी पूर्वीच्याच जड काडतुसाची घ्यायची, की हलक्या? जड काडतुसाची नळी जास्त टिकते, शिवाय साहेबांच्या कपाटात त्या काडतुसांचा मोठा साठा. हलक्याचा दणका बराच कमी. पण बाकीचे सभासद हसायचे, हलकं म्हणे बायकापोरांसाठी.

साहेबांनी सगळ्यांना गप्प केलं. "अहमद, तुम बोलो. तुम जो बोलेगा, वही."

"हलका, साहब," भाई ताबडतोब म्हणाले.

मी फॉर्म भरला, पाठवायचा तेवढा बाकी होता. दुसऱ्या दिवशी भाई विचारायला आले, "ताई, फॉर्म गेला?" त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी त्यांना खुर्चीवर बसवलं. "भाई, काय झालंय?"

"साहेबांनी विचारलं ना, तेव्हा मी त्यांचा विचारच नाय केला. हलकी नळी म्हणजे आपल्या वीस गोळ्या सोप्या, एवढंच डोक्यात आलं. असा सल्ला मी कधी कुणाला दिला नाय."

"पण तो चुकीचा आहे का?"

"तेच तर कळत नाय. गुरुवारपर्यंत फॉर्म होल्डवर ठेवा. साहेबांना सांगतो."

मी त्यांना चांगलं खडसावलं. "मॅनेजरला खांद्याचं कळलं तर पुढच्या फ्लाइटमध्ये बसवतील तुम्हाला. कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय? अरफाचा तरी विचार करा."

"तिचाच करतोय," भाई म्हणाले. "उद्या औषध देताना तिने स्वतःची सोय बघितली तर मला चालेल का?"

म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

गुरुवारी साहेब आले. भाईंनी माझ्या टेबलासमोर उभं राहून खांदा, डॉक्टर, वीस गोळ्या, सगळं सांगून टाकलं. मी उठून मॅनेजरच्या केबिनचं दार लोटून घेतलं.

साहेबांनी भाईंच्या खांद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मेरा रायफल लाओ. गोली तुम भरो. बीच में एक मुर्दा डालो."

मुर्दा म्हणजे बारूद नसलेलं काडतूस. नवशिक्यांना तपासायची ही भाईंची युक्ती. खऱ्या काडतुसांत एक मुर्दा मिसळायचं, कितवं ते सांगायचं नाही. एरवी दणक्यात काही कळत नाही, पण मुर्द्याला नुसता टक् आवाज होतो, आणि माणूस दणक्याला भिऊन आधीच अंग चोरत असेल तर ते उघडं पडतं. साहेबांना तपासायची मात्र आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

मैदानावर साहेबांनी पालथं पडून नेम धरला. दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्या वेळी टक्. नळीचं तोंड झपकन खाली गेलं, आणि साहेबांचे डोळे घट्ट मिटलेले होते. वर्षभर गोळ्या खाली का लागत होत्या, ते तिघांनाही कळलं. मला त्यांची फार दया आली.

"मेरा कंधा भी डरता है," ते सावकाश उठत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सिस्टर, फॉर्म भेजो. हलका. खलास."

भाईंना वाटलं, आपलंही खलास. पुढचे दहा दिवस ते केबिनकडे बघत काम करत होते. मग कमिटीची बैठक झाली आणि माझ्याकडे एक नोटीस टाइप करायला आली. नव्या नळीच्या चाचणीच्या गोळ्या यापुढे सभासदाने स्वतः झाडाव्यात. कारण दिलेलं नव्हतं. खाली खल्फानसाहेबांची सही होती.

फेब्रुवारीत नळी आली. भाईंनी दोन दिवस खपून ती बसवली. साहेबांनी वीस गोळ्या झाडल्या, शेवटच्या दहा तळहाताएवढ्या जागेत. रायफल साफ करायला घेताना भाई घुटमळले.

"साहब, एक मैं मारूं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हजारो गोळ्या झाडल्या असतील, पण स्वतःसाठी एकही मागितली नव्हती. साहेबांनी एक काडतूस त्यांच्या हातावर ठेवलं. भाईंनी पालथं पडून उजव्या खांद्याला रायफल लावली. गोळी सुटली, तरी ते रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा लावून तसेच पडून राहिले.

"दुखलं का, भाई?" मी घाबरून विचारलं.

"नाय, ताई. जड काडतुसाने रायफल उसळते, मग निशाण्याचा कागदच दिसत नाय. ही जागची हलली नाय. मी माझी गोळी लागताना बघितली." मग ते साहेबांकडे वळले. "साहब, सलाह सही था. आज मालूम पडा."

"मेरे को पहले दिन मालूम था," साहेब रिकामं काडतूस उचलत म्हणाले. "तुमने बोला था."