एक कान तुझा, एक माझा

२०१६ साली मी तलासरीजवळच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होतो. दिवसभर पत्र्यावर डाय, म्हणजे लोखंडी साचा, आपटायची आणि त्या गोंगाटात आम्ही हातवाऱ्यांनी बोलायचो. शेजारच्या प्रेसवरचा जोडीदार आमच्याच पाड्यावरचा. भाकरी, बिडी, सगळं अर्धं अर्धं.

कंपनीने आवाज अडवायला कानात घालायचे, एका दोरीने जोडलेले दोन-दोन प्लग दिले. त्याने आपले पहिल्याच आठवड्यात हरवले. नवे मागायचे तर साहेबाची बोलणी खायची. म्हणून त्याने माझी दोरी ब्लेडने मधोमध कापली.

"एक कान तुझा, एक माझा. काय बिघडला?"

शिवाय एक कान उघडा असला की डाय बिघडल्याचं आवाजावरून कळतं, हे आमचं ज्ञान. स्वतःला फार शहाणे समजायचो. वर्षभर दोघांचाही उजवा कान बंद, डावा उघडा.

मग कानांची तपासणी निघाली. पाळी संपवून आम्ही तसेच डहाणूला दवाखान्यात गेलो. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला आवाज आले. डाव्याला नुसतीच शांतता. त्याचंही तेच.

डॉक्टरबाई वैतागल्या. "मशीनवरून उठून सरळ इथे? कान दमलेत की गेलेत, हे आज कसं सांगू? दोन दिवस गोंगाटापासून लांब राहा, मग या."

नेमकं पाड्यावर लग्न, डीजे लागलेला. दोघेही नातेवाइकांच्या शिव्या खात घोलवडला माझ्या मावशीच्या वाडीत जाऊन बसलो. माझी तर झोपच उडाली होती. घरी चार वर्षांची लेक कानात कुजबुजून गुपितं सांगायची. उद्या तिला माझ्यावर ओरडावं लागेल, एवढंच डोक्यात.

तिसऱ्या दिवशी पुन्हा डावा हेडफोन. काहीच नाही. आणि मग कुठूनतरी लांबून एक बारीक आवाज आला. मी बटण इतकं जोरात दाबलं की बाईंनी काचेवर टकटक केली.

"कान परत आलाय," त्या म्हणाल्या. "पण दरवेळी येईलच असं नाही. दोन्ही कानांत प्लग घाला."

बाहेर येऊन मी ढसाढसा रडलो. ते बघून जोडीदाराचा चेहरा पांढराफटक पडला. तो आत जाईना.

"अरे, ऐकू येतंय म्हणून रडतोय! जा तू."

तो गेला. मी काचेबाहेर उभा राहून त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. डाव्या कानाची वेळ आली, तेव्हा बराच वेळ अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता. मग तो हलला. परत हलला.