समोरची तीन दुकानं

आयुष्यभर कारकुनी केली की फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. फायलींना निदान वाळवी तरी लागते. ज्या किश्शांत आपलीच शोभा झालेली असते, ते मात्र जसेच्या तसे राहतात!

ऐंशी सालच्या आसपास वर्ध्यात, नालवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या ऑफिससमोर तीन दुकानं होती. दादाजींचं सलून, वामनरावांची भाड्यानं पुस्तकं देणारी लायब्ररी आणि गुलाबभाऊंचं चहाचं हॉटेल. माझी खुर्ची ऑफिसात होती. मी मात्र बहुतेक इकडेच असायचो.

*

दादाजींच्या सलूनमध्ये मी फुकट पेपर वाचायचो. तोही दाढीच्या खुर्चीत, कारण तिथं उजेड बरा! एकदा गिऱ्हाईक ताटकळलेलं पाहून दादाजींनी गुपचूप माझ्या गालाला साबण फासला.

"अहो, हे काय?"

"काई नाई बाबूजी, वाचा तुमी. त्याले वाटलं पाह्यजे का तुमचं काम चालू हाये!"

*

वामनरावांच्या एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं, 'खुनी डॉक्टर आहे.' गंमत म्हणून! वामनराव ते पान घेऊन माझ्याकडेच आले. "तुम्ही वाचणारे माणूस. हे अक्षर कोणाचं असंल?"

मी चष्मा पुसून नीट पाहिलं. "कॉलेजच्या पोरांचं."

त्या दिवसापासून कॉलेजच्या पोरांना रहस्यकथा बंद!

*

पुढे रस्ता रुंद करायचं ठरलं. तिन्ही दुकानांना आमच्याच ऑफिसातून अतिक्रमणाच्या नोटिसा निघाल्या. टाइप मीच केल्या. दुसऱ्या दिवशी गुलाबभाऊंनी त्यांची नोटीस माझ्याकडूनच वाचून घेतली.

"आठ दिवसांत हटवा म्हन्ते? कोनं लिवलं असं?"

"ते टेबल वेगळं आहे," मी म्हणालो आणि चहा संपवला.

"बावीस वर्सं झाले भट्टी पेटवून. आता म्हातारपनी कुठी जाऊ? तुमीच एक अर्ज लिवून द्या, बाबूजी."

दिला. आजवरचं सगळं वाचन त्यात ओतलं. ऐकताना दादाजींनी डोळे पुसले. तिघांच्या वतीनं गुलाबभाऊंनी अंगठा उठवला.

दोन दिवसांनी तो अर्ज माझ्याच टेबलावर आला. साहेब म्हणाले, "असं उत्तर द्या, की पुन्हा अर्ज येता कामा नये."

अर्जात कुठं काय कच्चं आहे, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मुद्देसूद खोडून काढला. अख्ख्या नोकरीत साहेब मला एकदाच 'वा!' म्हणाले, ते तेव्हा.

गुलाबभाऊ भट्टी फोडत होते तेव्हा मी समोर गेलो. उत्तर त्यांना वामनरावांनी वाचून दाखवलं होतं. त्यांनी हात धुतले आणि किटलीतला उरलेला चहा माझ्या हातात दिला.

"मनाले लावून घेऊ नका, बाबूजी. तुमचा अर्ज लय बेस होता. पन तो उत्तर लिवनारा बाबू तुमच्याहून हुशार निंगाला!"